पंगत आणि पंक्तिभेद

रीतीभातींचे शब्द परभाषेत जसेच्या तसे उतरत नाहीत, असे मला वाटते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला पोलिश लोक 'विगिल्या' म्हणतात. त्या वेळी अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्त मांडतात. कोशात शब्दाचा अर्थ सापडेल, ते रिकामे ताट सापडणार नाही.

आपला 'पंगत' हा शब्द असाच. परंतु 'पंक्तिभेद'ही त्याच्याच पोटी जन्मला, हे विसरून कसे चालेल? विवेकानंद जयंतीला हिवरा आश्रमात हजारोंची एकच पंगत बसते. मित्रहो, आपल्या गावच्या लग्नातही ती तशीच बसावी आणि 'पंक्तिभेद' मात्र केवळ कोशात उरावा!