लक्ष्मीचा पक्षपात

लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत लक्ष्मीच्या पक्षपाताविषयी बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे!

अमेरिकेत संगणकाचा नवा धंदा काढणाऱ्याला पहिले भांडवल बहुधा आप्तेष्टांकडून मिळते, पुढचे ओळखीच्या धनिकांकडून. ज्यांच्या आजोबांना बँका घरासाठीही कर्ज देत नसत, त्या कृष्णवर्णीयांनी ते आणावे कोठून? 2023 साली तेथील नवउद्योगांत धनिकांनी गुंतविलेल्या 100 डॉलरांतला पुरता एकही त्यांच्या वाट्यास आला नाही.

अॅटलांटाच्या 'फिअरलेस फंड'ने कृष्णवर्णीय उद्योजक स्त्रियांना 20,000 डॉलरांची देणगी देऊ केली, तर त्याच वर्षी फंडावर खटला! इतरांना वगळले, हा म्हणे अन्याय. मग उरलेले 99 डॉलर कोणाला वगळून वाटले, ते कोणत्या कोर्टात विचारायचे? आणि कायदा कोणता उपसला? 1866 चा; नुकत्याच सुटलेल्या गुलामांना करारमदार करता यावेत म्हणून केलेला! जून 2024 मध्ये अपील कोर्टाने देणगी रोखली; सप्टेंबरात तडजोड होऊन ती बंदच पडली.

जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. त्यांच्या वारसांना तो कायदा कोणासाठी झाला, हे शाळेत कोणी शिकविलेच नाही काय?