चार पिढ्यांची शेती कुणाची?

चार पिढ्यांची शेती, गोठ्यात देशी गाई, शेणखतावर पोसलेली काळी माती. अशा कुटुंबांच्या चित्रफिती सध्या मोबाईलवर फिरतात. गाव सोडून मढमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहणारे आम्हीही त्या पाहतो. शेणखताला, बांधबंदिस्तीला, पीकपालटाला आमचा विरोध नाही. जमिनीचा कस टिकलाच पाहिजे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, या चार पिढ्या सातबारा कुणाच्या नावावर होता?

आमच्या पणजोबांच्या वाट्याला गुरे आली ती मेल्यावर, ओढून न्यायला. महार वतनाची जमीन होती, पण तिच्या बदल्यात अख्ख्या गावाची आणि सरकारची राबणूक होती. ही गुलामी मोडण्यासाठीच बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.

पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. आमच्या माणसांनी पडीक गायराने कसली, दगड वेचले, बांध घातले. मृदसंधारण याहून वेगळे काय असते? 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. तरीही असंख्य कुटुंबांच्या हाती सातबारा आला नाही. 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा नोटिसांची टांगती तलवार आली. उद्या हुसकावले जाणार असेल, तर आज बांधावर झाड कोण लावील?

काही जण म्हणतात, गायरान गुरांच्या चराईसाठी आहे. मग तेच गायरान सौर प्रकल्पाला दिले जाते, तेव्हा गुरांची आठवण कुठे जाते?

आणि गुरांचा एवढा कळवळा असेल, तर 2015 पासून लागू झालेल्या गोवंश हत्याबंदी कायद्याचाही हिशेब मांडा. अडीच एकरवाला म्हातारा बैल विकायचा, त्यात चार पैसे घालून तरणा बैल आणायचा. बैलाच्या कत्तलीवर बंदी आली आणि हे चक्र तुटले. भाकड जनावर पोसणे त्याला परवडत नाही. दावण रिकामी झाली, शेणखत गेले, भाड्याचा ट्रॅक्टर आला. मातीचे नुकसान कुणी केले, कसणाऱ्याने की कायदा करणाऱ्यांनी?

बाबासाहेबांनी 1918 मध्येच लहान धारणक्षेत्रांवर प्रबंध लिहिला. 1947 च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये त्यांनी शेती राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांना जातिभेद न करता सामूहिकपणे कसायला देण्याची योजना मांडली. घराण्याच्या वारशाचे गोडवे त्यांनी गायले नाहीत, कारण जातीच्या समाजात वारसा म्हणजे एकाला जमीन आणि दुसऱ्याला वेठ.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. गायरान कसणाऱ्यांच्या नावावर सातबारा करा, तोही नवरा-बायको दोघांच्या नावे. बांधबंदिस्तीच्या आणि पशुपालनाच्या योजना त्यांच्यापर्यंत न्या. माती वाचवायची असेल, तर आधी ती कसणाऱ्याचा हक्क वाचवा.

जय भीम!