दारे बसवावीत की गाडीच नवी घ्यावी?

सीवूड्स-दारावे स्थानकावर सकाळी नऊच्या सुमारास येणारी मुंबईची गाडी पनवेल-बेलापूरहूनच भरून आलेली असते. दारात लोंबकळणारा प्रवासी हे तिचे जणू नित्याचे अंग होऊन बसले आहे. ९ जून २०२५ रोजी दिवा व मुंब्रा यांच्या दरम्यान दोन गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली कोसळले आणि काहींना प्राणास मुकावे लागले. त्याच दिवशी रेल्वे मंडळाने जाहीर केले की, यापुढील गाड्यांना आपोआप मिटणारी दारे असतील आणि चालू गाड्यांनाही ती बसविली जातील. दुसरीकडे, मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या व ‘तीन-अ’ टप्प्यांत मिळून २३८ वातानुकूलित गाड्या, म्हणजे २,८५६ डबे घेण्याची योजना आहे. जुना माग दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा गिरणीमालकाचा पेच तो हाच.

सकृद्दर्शनी दुरुस्ती स्वस्त दिसते. परंतु केवळ दारांची किंमत मोजणे म्हणजे फसवा हिशेब होय. वातानुकूलन नसलेल्या खच्चून भरलेल्या डब्याची दारे मिटली की माणसे गुदमरणार. म्हणून दारांना झडपा, छतावर हवा खेळविणारी यंत्रणा आणि डब्यांना जोडणारे मार्ग, असा सारा सरंजाम आला. हे काम चालू असताना गाडी कारखान्यात उभी राहणार, आणि तिची गर्दी मागच्या गाडीवर पडणार, ते निराळेच.

त्याहून महत्त्वाचा आहे तो उरलेल्या आयुष्याचा प्रश्न. उपनगरी डब्याचे आयुष्य साधारणतः २५ वर्षे धरले जाते. सीमेन्सच्या विद्युतयंत्रणेच्या गाड्या २००७ मध्ये धावू लागल्या. त्यांतील पहिल्यांची मुदत २०३२ मध्ये भरेल. बम्बार्डियरच्या गाड्या २०१५ पासूनच्या; त्या २०४० पर्यंत चालाव्यात. समजा, २०२७ मध्ये दोहोंना सारख्याच खर्चाने दारे बसविली, तर तो खर्च एकीत ५ वर्षांवर विभागला जाईल आणि दुसरीत १३ वर्षांवर. दरवर्षीचा बोजा अडीचपटींहून अधिक! तेव्हा सरसकट सर्व गाड्यांना दारे बसविण्याचा आग्रह व्यवहाराला धरून नाही.

कधी कधी हा निर्णय परिस्थितीच करून टाकते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी याच हार्बर मार्गाने कुर्ल्यास गेली, ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. एप्रिल २०१६ मध्ये हा मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर गेला आणि केवळ जुन्या प्रवाहावर चालणाऱ्या गाड्यांना येथे जागाच उरली नाही. दारांच्या बाबतीत अशी सक्ती नाही, म्हणूनच हिशेब काटेकोर हवा.

त्या हिशेबात वेळही धरावा लागेल. सीवूड्सहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाताना वाटेत १८ थांबे आहेत. दार मिटण्यास प्रत्येक ठिकाणी १० सेकंद अधिक लागले, तरी ३ मिनिटे गेली. ऐन गर्दीच्या वेळी, मागोमाग गाड्या येत असता, ३ मिनिटे म्हणजे जवळजवळ एक फेरी.

मग २००७ च्या गाड्या निवृत्त करून त्यांच्या जागी नव्या आणणे हाच मार्ग उरतो. पण येथे भाडे आडवे येते. डिसेंबर २०२१ मध्ये हार्बर मार्गावर वातानुकूलित फेऱ्या सुरू झाल्या. मे २०२२ मध्ये एकेरी तिकिटाचे दर निम्म्यावर आणले गेले, तरी त्याच महिन्यात प्रतिसादाअभावी त्या फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. पासाच्या पैशांची जुळवाजुळव करणारा कारकून वा विद्यार्थी अशी गाडी सोडून देतो आणि पाठीमागच्या साध्या गाडीत घुसतो. एका साध्या फेरीच्या जागी अशी महाग फेरी आली की उरलेल्या साध्या गाडीच्या दारात दोन माणसे अधिक लोंबकळतात. नव्या गाडीच्या किमतीत ही माणसे धरावयाची असतील, तर तिचे भाडे किती असावे हे गाडीची मागणी नोंदविण्यापूर्वीच ठरावयास हवे.