शिंगं मोडून वासरांत कशाला?

माझ्या सायकलीचा फोटो पाहिला की भाचेमंडळींपैकी कोणी ना कोणी विचारतंच, "मामा, ती शिंगं अजून काढली नाहीत?" शिंगं म्हणजे एमटीबीच्या सरळ हँडलच्या दोन्ही टोकांना बसवलेले, पुढच्या दिशेने निघालेले, वीतभरापेक्षाही आखूड असे दोन दांडे. जाणकार त्यांना 'बार एन्ड्स' म्हणतात. त्यांची फॅशन गेली म्हणे. गेली असेल बापडी. पण फॅशन गेली म्हणून उपयोगही गेला, हे मला मान्य नाही. आज त्यावरच भांडायचे आहे.

आधी एक साधा प्रयोग करा. उभे राहा आणि हात सैल सोडा. तळवे कुठे वळले? मांड्यांकडे, म्हणजे एकमेकांकडे. आता आपली जुनी काळी सायकल आठवा. तिचे हँडल मागे वळलेले असे आणि मुठी धरल्या की तळवे एकमेकांकडेच येत. आठवडी बाजाराला पाच-सहा कोस जाणारा माणूस त्या हँडलवर हात ठेवून आरामात जाई. एमटीबीचे हँडल मात्र आडव्या काठीसारखे. त्यावर तळवे पालथे पडतात, मनगट वाकते आणि तासन् तास तेच एक आसन राहते. शिंगं धरली की तळवे पुन्हा समोरासमोर येतात. म्हणजे ज्याला ही मुले 'जुनाट' म्हणतात, ते शरीराच्या दृष्टीने सरळ आहे.

हे नुसते सुखासीनतेचे लाड नव्हेत. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने, मनगटापाशी, एक मज्जातंतू अरुंद वाटेने जातो. हँडलवर तिथेच बराच वेळ भार पडला की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. डॉक्टरमंडळींनी या विकाराला सायकलस्वारांचेच नाव दिले आहे, इतका तो ओळखीचा. त्यावर पहिला उपाय म्हणजे हातांची जागा बदलत राहणे. सरळ हँडलवर बदलायला जागाच कुठे आहे? गंमत म्हणजे शिंगांना हसणारे निम्मे लोक रेसिंगच्या वाकड्या हँडलची सायकल चालवतात. तिथे हात वर, ब्रेकच्या मुठींवर आणि खाली असे तीन ठिकाणी ठेवता येतात. स्वतःला तीन जागा हव्यात आणि दुसऱ्याने दुसरी जागा मागितली की हसू!

मग ही फॅशन गेली कशी? १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात डोंगरउतारांवर जुन्या दणकट सायकली पळवण्याच्या नादातून एमटीबी जन्मली. पुढे शर्यतींसाठी हँडल अरुंद झाले, साठ सेंटिमीटरच्या आतबाहेर. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकची शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा शिंगं ऐन भरात होती. उभे राहून चढ चढताना ओढायला ती हवीच असत. नंतर शर्यतींचे मार्ग अधिक खडकाळ आणि उताराचे झाले. तोल सांभाळायला हँडल रुंद, पाऊण मीटरपर्यंत गेले. रुंद हँडलवर जोर तसाच मिळतो, म्हणून शर्यतवाल्यांनी शिंगं काढली. त्यांचे बरोबरच आहे. पण त्यांच्या मागोमाग कंपन्यांनी आणि दुकानांनीही ती काढून टाकली, आणि इथेच माझा आक्षेप आहे. मी पाहतो त्या बहुतेक एमटीबी डांबरी रस्त्यावरच चालतात. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आणि सिंहगड १३०० मीटरच्या वर. गडाचा चढ काही कॅलिफोर्नियाची फॅशन बघून कमी झालेला नाही!

आता विरोधकांचे मुद्दे. शिक्षकाने विरुद्ध बाजूलाही गुण द्यावेत, म्हणून प्रामाणिकपणे देतो.

पहिला, 'शिंगं झाडाझुडपांत अडकतात.' खरे आहे. दाट झाडीतल्या पायवाटेवर जाणाऱ्याने ती लावूच नयेत. पण कात्रजच्या घाटात रस्त्याच्या मधोमध करवंदीची जाळी मला तरी दिसलेली नाही.

दुसरा, 'हात शिंगांवर असताना ब्रेक लांब राहतो.' हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि यात सवलत नाही. शिंगं फक्त चढाला आणि मोकळ्या सपाट रस्त्याला. उतार लागला, चौक आला, रिक्षा दिसली, कुत्रे दिसले की बोटे ब्रेकवर. हे ज्याला जमणार नाही त्याने शिंगांच्या वाटेला जाऊ नये. पण एखाद्याला शिस्त नाही म्हणून सर्वांचीच वस्तू काढून घेणे हा न्याय नव्हे.

तिसरा, 'सायकल मापाची घ्या, हात दुखणार नाहीत.' अर्धे खरे. सीटचे नाक खाली झुकले असेल तर अंगाचा भार हातांवर येतो. ते आधी दुरुस्त करावे. पण उत्तम मापाच्या खुर्चीतही आपण तीन तास एकाच स्थितीत बसतो का?

चौथा, 'रुंद हँडलच्या टोकाला शिंगं म्हणजे पंख पसरलेले गिधाड.' मान्य. खांद्यांपेक्षा फार रुंद हँडल असेल तर टोकाला लावून हात फाकतात. अशांसाठी मुठीच्या आतल्या बाजूला बसणारी शिंगं मिळतात, आणि छोटे शिंग जोडलेल्या मुठीही मिळतात.

लावणाऱ्यांसाठी दोन शब्द. शिंगं आकाशाकडे उभी करू नका, मनगट मोडते. किंचित वर झुकलेली असावीत. घट्ट केल्यावर उभ्या सायकलीवर अंगाचा भार देऊन पाहा, फिरता कामा नयेत. कार्बनचे हँडल असेल तर बनवणाऱ्याने परवानगी दिली आहे का ते वाचा, नाहीतर आवळताना नळी चिरडते. आणि टोकांची बुचे कधीही हरवू देऊ नका. पडल्यावर उघडी नळी साच्यासारखी अंगात घुसते.

एवढे भांडण कशासाठी? तर माझ्या वयाचे लोक सायकल सोडतात तेव्हा गुडघ्यांचे नाव सांगतात. पण खोदून विचारले तर पुष्कळांचे हात बधिर होत असतात. त्यांना नवी, महाग सायकल सुचवली जाते, नाहीतर 'आता वय झालं' असे सांगितले जाते. काही शे रुपयांच्या दोन दांड्यांबद्दल कोणी बोलत नाही, कारण ते लावले तर 'कसे दिसेल?' दिसण्यासाठी चालणे बंद करायचे, हा कुठला शहाणपणा? बधिरपणा टिकून राहिला तर डॉक्टरकडे जावे, हे आहेच. पण त्याआधी हातांना दुसरी जागा देऊन पाहावी.

शिंगं मोडून वासरांत शिरण्याची आपल्याकडे थट्टा होते, ती योग्यच आहे. वासरांनी खुशाल बिनशिंगी उड्या माराव्यात. आम्हाला घाट चढायचा आहे.