साहेब, आधी फायबर जोडून दाखवा!

हॉस्टेलचं नेट गेलं की अख्ख्या मजल्याचा जीव वर-खाली होतो. मग आरडाओरडा सुरू, "अरे, त्या केबलवाल्याला बोलवा!" तो येतो, काम करतो, जातो. चहा सोडाच, नावही कुणी विचारत नाही.

मित्रांनो, हा 'केबलवाला' करतो काय, हे निदान आम्हा ई अँड टीसीवाल्यांना तरी ठाऊक हवं. सिंगल मोड फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. वरचं आवरण सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, टोक काटकोनात छाटायचं आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये विजेच्या ठिणगीने दोन टोकं वितळवून एक करायची. तेही रस्त्याच्या कडेला, धुळीत! चांगल्या जोडाचा लॉस ०.१ डेसिबलच्या आत. १५५० नॅनोमीटरला फायबरचा लॉस किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल. म्हणजे १ डेसिबलचा एक गचाळ जोड पाच किलोमीटर फायबरइतका सिग्नल खातो. करा हिशोब.

"फॉल्ट कुठे ते ओटीडीआर सांगतं," असं आपण व्हायवात ठोकून देतो. पण ते यंत्र फायबरची लांबी सांगतं, रस्त्याची नव्हे. कुठल्या चेंबरमध्ये किती केबल गुंडाळून ठेवलीय, परवा जेसीबी कुठे खणत होता, हे त्या माणसाला माहीत. काचेची कुसळं शिरतात तीही त्याच्याच बोटांत.

चार्ल्स काओ यांनी काचेच्या तंतूतून दूरवर संदेश नेता येईल हे १९६६ मध्ये मांडलं, २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रास्तच आहे. पण ती काच गल्लीबोळात जोडली कुणी? आपल्याकडे डोक्याचं काम वरचं, हाताचं खालचं. जणू फायबर छाटणारा डोकं घरी ठेवून येतो! डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मित्राला प्रॅक्टिकलला पहिली हाक, आणि कॅन्टीनमध्ये त्यालाच 'डिप्लोमावाला' म्हणून टोमणा.

म्हणून सरांना एक सुचवावंसं वाटतं. स्वतः जोड करून, लॉस मोजून दाखवल्याशिवाय जर्नलवर सही देऊ नका. शिकवायला याच टेक्निशियनला बोलवा, पाहुण्या व्याख्यात्याचं मानधन देऊन.

कारण उद्या आपल्यातलेच काहीजण साइटवर इंजिनीअर होतील. जोडाला किती वेळ द्यायचा, सेफ्टी गॉगलचा खर्च मंजूर करायचा की नाही, हे तेच ठरवतील. ज्याने आयुष्यात एक जोड केला नाही, तो "पाच मिनिटांत उरक" एवढंच म्हणणार.