हलते चित्र आणि पाहणाऱ्याचा अधिकार

आपल्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर हलत्या छायाचित्रांचे एक दालन उघडावे, अशी चर्चा यंदा वर्गावर्गांतून ऐकू येत आहे. स्नेहसंमेलन, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, सहल, पारितोषिक वितरण या सर्वांची छायाचित्रे एकामागून एक सरकत यावीत, कधी विरघळत जावीत, कधी पान उलटावे तशी उलटावीत, असा हा बेत आहे. बेत चांगला आहे आणि माझा त्याला विरोध नाही. परंतु अशा दालनाविषयी जे बोलले जाते ते बहुतेक चित्र कसे सरकावे याविषयी असते. चित्र कुणाच्या इच्छेने सरकावे, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अशा दालनांचे तयार साचे आज बाजारात पुष्कळ मिळतात, काही तर फुकटही मिळतात. 'आपल्या आवडीप्रमाणे बदलता येणारे' असे त्यांचे वर्णन केलेले असते. चौकटीचा रंग बदला, वेग बदला, चित्र डावीकडून आणा की उजवीकडून, सारे तुमच्या हाती! पण हे 'तुमच्या' म्हणजे नेमके कुणाच्या? दालन मांडणाऱ्याच्या. ज्याच्यासाठी ते मांडायचे, त्या पाहणाऱ्याला मात्र यांतले काहीच ठरवता येत नाही. दर तीन सेकंदांनी चित्र बदलते आणि तो बिचारा नुसता पाहत राहतो. शिबिराच्या चित्रात मागच्या रांगेत आपला मित्र दिसला म्हणून जरा निरखून पाहावे, तोच प्रमुख पाहुण्यांचा सत्कार समोर येऊन उभा राहतो. याला चित्रदर्शन म्हणायचे की चित्रांची मिरवणूक?

हा प्रश्न आपल्याच गावात उभा राहावा हे मला विशेष वाटते. छत्रपती संभाजीनगराहून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. जगातील थोर चित्रदालनांत त्याची गणना होते आणि १९८३ सालापासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेथे एकही चित्र हलत नाही. तरीही सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाच्या भिंतीसमोर उभे राहा. दानशूर राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो. राजवाड्यात, रथात, वनात. दोन प्रसंगांच्या मध्ये चौकटीची रेघ नाही. कुठे खांब, कुठे झाड, कुठे दरवाजा एवढ्यावरच एक प्रसंग संपतो व दुसरा सुरू होतो. कथा पुढे सरकते ती भिंतीवर नव्हे, आपल्या पावलांत. आपण चाललो की ती चालते, आपण थांबलो की थांबते, मागे वळलो की मुकाट्याने मागे येते. इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या त्या अनाम चित्रकारांनी वेगाचा लगाम पाहणाऱ्याच्या हाती दिला होता.

कुणी म्हणेल, ती भिंत होती, तिला हलता येत नव्हते, यात शहाणपण ते कसले? हा आक्षेप रास्त आहे. म्हणून हलणाऱ्या चित्रांची आपली परंपराही पाहू. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी ही कला जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे एका पोथीत ठेवलेली असतात. कथेकरी गातो, सांगतो आणि प्रसंग पुरा झाला की पुढचे चित्र वर घेतो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तसेच, मुंबईत १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंचा चित्रपट येण्यापूर्वीच कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, त्यांच्यामागे दिवा आणि काचा सरकवल्या की पडद्यावर हालचालीचा भास. येथे चित्र खरोखरच हलत होते. पण ते हलवणारा माणूस प्रेक्षकांसमोर होता. मुले खिदळली तर तो थांबे, कुणी विचारले तर सांगे, हे आपण सहज कल्पू शकतो. संकेतस्थळावरच्या यंत्राला समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. म्हणून त्या कथेकऱ्याची जागा पाहणाऱ्यालाच दिली पाहिजे. 'थांब', 'मागे', 'पुढे' एवढे तीन शब्द ज्याला यंत्राशी बोलता आले, त्याला बाकी काही लागत नाही.

ही केवळ माझी हौस नव्हे. जालावरील मजकूर सर्वांना वापरता यावा म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत हे स्पष्ट आहे. जो मजकूर आपोआप हलू लागतो, पाच सेकंदांहून अधिक काळ हलत राहतो आणि इतर मजकुराच्या शेजारी असतो, तो थांबवण्याची किंवा लपवण्याची सोय असलीच पाहिजे. एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा काही लखलखू नये, असेही त्यांत आहे. कारण अशा लखलखाटाने काही माणसांना अपस्माराचा झटका येऊ शकतो. कित्येकांना सरकणाऱ्या पडद्याने घेरी येते. त्यांच्यासाठी आजच्या संगणकात आणि भ्रमणध्वनीत 'हालचाल कमी करा' अशी निवड असते आणि संकेतस्थळाला ती निवड ओळखून चित्रे स्थिर ठेवता येतात. आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. असे असता कला शाखेच्या महाविद्यालयाने, जेथे अंध विद्यार्थीही शिकतात, या गोष्टीकडे काणाडोळा करणे शोभणार नाही.

अंध विद्यार्थ्याचा आणि चित्रदालनाचा संबंध काय, असे विचारणारेही भेटतात! संबंध आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे एनव्हीडीएसारखे प्रोग्राम फुकट मिळतात. चित्रामागे दोन ओळींचे वर्णन लिहून ठेवले, तर तो प्रोग्राम ते वाचून दाखवतो. वर्णन नसेल तर तो फाईलचे निरर्थक नाव आणि आकडे वाचत सुटतो. स्नेहसंमेलनात ज्याने गाणे म्हटले, त्यालाच आपल्या गाण्याचे चित्र दालनात आहे हे कळू नये, ही केवढी विटंबना! दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? आणि मराठी, हिंदी, इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना याहून चांगला लेखनाचा सराव तो कोणता?

आता खर्चाचे बोलू. भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्र सहज चार मेगाबाइटचे असते. अशी चोवीस चित्रे दालनात तशीच टाकली तर भार शहाण्णव मेगाबाइट होतो. तीच चित्रे पडद्याला पुरेल एवढी लहान करून प्रत्येकी दोनशे किलोबाइटवर आणली तर सारा भार पाच मेगाबाइटच्या आत राहतो, आणि डोळ्यांना फरक क्वचितच जाणवतो. शिवाय वाचक जेथवर येईल तेथवरचीच चित्रे उतरवून घेण्याची सोयही करता येते. शहरात वायफायवर बसलेल्याला हा हिशेब क्षुल्लक वाटेल. परंतु कन्नड-सिल्लोड-पैठणकडच्या खेड्यातून येणारा विद्यार्थी दिवसाचा ठरावीक डाटा जपून वापरतो. परीक्षेचे वेळापत्रक पाहायला तो संकेतस्थळ उघडतो आणि ते दिसण्यापूर्वीच सत्काराची चोवीस चित्रे त्याचा डाटा खाऊन टाकतात. दालन मुखपृष्ठावर नको, त्याला स्वतंत्र पान द्या, असे मी म्हणतो ते यासाठीच. आणि मुखपृष्ठावरच्या सरकत्या चित्रांकडे लोक लक्ष तरी कितपत देतात? अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळाचे आकडे २०१३ साली प्रसिद्ध झाले होते. त्या चित्रांवर बोट ठेवणारे शंभरात जेमतेम एक होते, आणि त्यांतलेही बहुतेक पहिल्याच चित्रावर थांबले होते.

सजावटीच्या मोहाविषयी अजिंठ्यानेच आपल्याला एक धडा दिला आहे. तेथील चित्रे उठून दिसावीत व टिकावीत म्हणून गेल्या दीडशे वर्षांत त्यांवर वेळोवेळी वार्निशचे हात दिले गेले. काही काळ ती चकाकली असतील. पुढे ते वार्निश पिवळे-तपकिरी पडले आणि मूळ रंग त्याखाली झाकले गेले. ते काढण्यासाठी पुढच्या पिढ्यांना कष्ट घ्यावे लागले. चित्राला आपण वरून दिलेली चमक ही चित्राची चमक नसते. विरघळणे, गिरक्या घेणे, उड्या मारणे हे आजचे वार्निश होय. आज मोहक वाटते, पाच वर्षांनी तेच हास्यास्पद वाटेल.

दुसरा धडा टिकाऊपणाचा. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतील कित्येक १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. दोनदा नकला जळूनही अजिंठा राहिला, कारण मूळ चित्रे जागेवर होती. संगणकाच्या जगातही आगी लागतात, फक्त धूर दिसत नाही. एके काळी अशी हलती दालने फ्लॅश नावाच्या तंत्रावर बांधली जात. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या तंत्राचा आधार संपला आणि असंख्य दालने एका रात्रीत मुकी झाली. ज्यांनी मूळ छायाचित्रे वेगळी जपली होती त्यांचे काही बिघडले नाही. ज्यांनी दालनालाच कपाट मानले, त्यांच्या हाती काय राहिले? म्हणून मूळ छायाचित्रे तारीखवार, नावनिशीवार ग्रंथालयाच्या ताब्यात असावीत. दालन ही खिडकी आहे, कोठार नव्हे.

आणि नावनिशीवरून आठवले. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात चित्राजवळ आर्यशूराच्या जातकमालेतील श्लोक लिहिलेले आढळतात. पाहणाऱ्याला प्रसंग कळावा ही काळजी त्या काळीही होती. सोळाव्या लेण्यात ते कोरविणाऱ्या वराहदेव या वाकाटक मंत्र्याचे नाव शिलालेखात आहे. पण चित्रकारांची नावे मात्र इतिहासाने ठेवली नाहीत. आपल्या दालनांतही हेच चालले आहे. पाहुण्यांचे नाव पदव्यांसह येते. शिबिरात बांध घालणाऱ्या मुलामुलींच्या खाली 'विद्यार्थी' एवढाच एक शब्द, आणि छायाचित्र काढणारा तर कुठेच नाही. पंधराशे वर्षांनी तरी ही चूक सुधारावी! चित्रात कोण, कुठे, केव्हा आणि चित्र कुणी काढले, या चार गोष्टी प्रत्येक चित्राखाली असाव्यात. मात्र ज्यांना आपले चित्र किंवा नाव जगजाहीर नको आहे, त्यांना, विशेषतः मुलींना, आधी विचारावे. आणि नको म्हटले तर कारण विचारू नये.

एक आक्षेप उरतो. हालचाल नसली तर संकेतस्थळ निर्जीव वाटेल, तरुणांना ते आवडणार नाही, असे काही मित्र म्हणतात. मी हालचालीचा वैरी नाही. हिमरूच्या मागावर धोट्याच्या प्रत्येक फेरीबरोबर नक्षी कशी उमटत जाते, हे दाखवायला सहा चित्रे क्रमाने हलली तर ती हालचाल काही शिकवते. मलिक अंबरने १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा जुन्या छायाचित्रात कसा होता आणि आज कसा आहे, हे एकावर एक सरकवून दाखवले तर पाहणारा क्षणभर स्तब्ध होईल. जेथे विषयातच गती किंवा बदल आहे, तेथे चित्र जरूर हलावे. पण सत्काराचा हार घातलेला माणूस गिरकी घेत का यावा?

तेव्हा दालन अवश्य काढावे. त्यातील चित्रे निवडण्याचे काम दरवर्षी विद्यार्थ्यांच्या एका मंडळाकडे द्यावे. वर्णने मराठी विभागाने तपासावीत. मूळ चित्रे ग्रंथालयाने सांभाळावीत. आणि दालनाच्या कोपऱ्यात, सहज दिसेल अशा जागी, 'थांबा' असे लिहिलेले एक बटण असावे. रंग, चौकटी, वेग हे सारे मांडणाऱ्यांनी खुशाल आपल्या आवडीने ठरवावे. ते एक बटण मात्र पाहणाऱ्याचे आहे. ज्या चित्रापाशी थांबावेसे वाटते तेच चित्र पाहिले जाते. बाकीची नुसती समोरून जातात.