वीज कंपनीचा शेअर की देशाचा निर्देशांक?

सेवानिवृत्तीची रक्कम हाती पडल्यावर ती पॉवर ग्रिडसारख्या वीज-पारेषण कंपनीच्या शेअरांत घालावी की निफ्टी ५०च्या इंडेक्स फंडात, हा प्रश्न हल्ली पेन्शनर मंडळींत वारंवार निघतो आणि, विजेवाचून कोणाचे चालत नाही, एवढ्या एका युक्तिवादावर त्याचा निकालही लागून जातो.

युक्तिवाद खोटा नव्हे, अपुरा आहे. निविदेतून मिळालेली कामे वगळली, तर प्रकल्पाच्या मंजूर खर्चापैकी सर्वसाधारणपणे ३० टक्के भागभांडवल धरून त्यावरील परतावा केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवून देतो. जुन्या पारेषण प्रकल्पांस हा दर १५.५ टक्के आहे, नव्यांस तो २०२४च्या विनियमांनी १५ टक्के केला. सबब येथे भागधारकाचा खरा धनी ग्राहक नव्हे, आयोग होय. विजेची मागणी कितीही वाढली तरी नफ्याची मर्यादा सरकारदरबारीच आखली जाते.

आणि तळ? टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीचा शेअर जपानात अशाच निर्धास्तपणे, लाभांशाच्या भरवशावर बाळगला जात असे. ११ मार्च २०११च्या भूकंपाने व त्सुनामीने कंपनीचे फुकुशिमाचे अणुवीज केंद्र निकामी केले आणि दोन हजार येनांच्या वर असलेला तो शेअर काही महिन्यांतच दोनशेंच्या खाली उतरला; लाभांश बंद पडला आणि पुढील वर्षी कंपनीचा ताबा सरकारकडे गेला.

मग निर्देशांक तरी निर्वेध म्हणावा काय? त्याच जपानचा निक्केई १९८९च्या अखेरीस ३८,९१५वर पोहोचला होता, आणि ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधल्या काळातील लाभांश जमेस धरला तरी ही प्रतीक्षा एका पिढीचे आयुष्य खाणारीच. एकाच देशाचा फंड कंपनीच्या संकटापासून वाचवतो, देशाच्या संकटापासून नव्हे.

असे असूनही माझा कौल फंडालाच आहे. २००९ मध्ये सत्यम आणि २०२० मध्ये येस बँक निफ्टीतून बाहेर काढल्या गेल्या, त्या वेळी फंडधारकाला नुकसानीचा पन्नासांतील आपला वाटा सोसावा लागला खरा, परंतु काय विकावे नि केव्हा विकावे याची विवंचना करावी लागली नाही. शिवाय पॉवर ग्रिड व एनटीपीसी त्या पन्नासांत आहेतच. मात्र येत्या पाच-सात वर्षांच्या घरखर्चाची रक्कम या दोहोंपैकी कोठेही जाऊ नये. टपाल कचेरीतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीस खात्यात जमा होते.